मोटरहोम की फिफ्थ व्हील? अमेरिकेत फिरते बिऱ्हाड करणाऱ्यांसाठी

मोटरहोम बरे की फिफ्थ व्हील, असे विचारणारे फोन मला हल्ली महिन्यातून दोन-तीन तरी येतात. बहुतेक जण पन्नाशी-साठीचे असतात. मुले कॉलेजातून बाहेर पडलेली, घर अचानक फार मोठे वाटू लागलेले. आम्ही दोघांनी न्यू जर्सीतले घर २०२१ च्या सप्टेंबरात विकले. पहिले सोळा महिने ३४ फुटी मोटरहोममध्ये काढले आणि तेव्हापासून आजपर्यंत ३६ फुटी फिफ्थ व्हीलमध्ये राहतो आहोत. दोन्हींत संसार झाला, दोन्हींत पैसेही गेले. मधल्या अदलाबदलीत आमचे जे नुकसान झाले ते तुमचे होऊ नये, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. सुट्टीपुरते बाहेर पडणाऱ्यांचे गणित वेगळे असते. हे लिखाण बाराही महिने चाकांवर राहणार असलेल्यांसाठी आहे.

१. आधी शब्द नीट समजून घ्या

मोटरहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर. यात तीन वर्ग आहेत. 'ए' वर्ग बससारखा दिसतो. 'बी' म्हणजे व्हॅनमध्ये बसवलेले घर. 'सी' म्हणजे पुढे व्हॅनचे तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग. कायम राहण्यासाठी दोघांना 'बी' फारच अरुंद पडते, त्यामुळे खरी निवड 'ए' आणि 'सी' यांतच होते. 'ए' मध्ये पुन्हा दोन पोटप्रकार आहेत. पेट्रोलवाल्यात इंजिन पुढे, तुमच्या दोघांच्या मध्ये असते. डिझेल पुशरमध्ये ते मागे असते, ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, पुढे आवाज जवळजवळ येत नाही आणि घाट उतरताना इंजिन ब्रेकचा मोठा आधार मिळतो. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. तिथवर पेट्रोल मोटरहोम चढवताना इंजिन इतके ओरडते की शेजारच्याशी बोलता येत नाही.

फिफ्थ व्हील म्हणजे इंजिन नसलेले घर. ते पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवलेल्या हिचला, म्हणजे जोडणीच्या यंत्रणेला, अडकते. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकांखेरीज पुढच्या आसावर एक आडवे चाक असायचे, त्यावर आस वळायचा. तेच हे पाचवे चाक. बंपरला अडकवायच्या साध्या ट्रेलरपेक्षा हे रस्त्यावर स्थिर चालते, कारण वजन ट्रकच्या शेपटीवर न येता आसावर येते.

२. मुक्काम किती दिवसांचा, हे आधी लिहून काढा

माझ्या मते सगळा निर्णय या एका आकड्यावर ठरतो. आम्ही तो आकडा काढलाच नव्हता. शोरूममधली सोफ्याची कातडी आणि टीव्ही बघून मोटरहोम घेतली.

कागद घ्या आणि पहिल्या वर्षाचा आराखडा दोघांनी मांडा. लेकीकडे किती आठवडे, थंडीत ॲरिझोना किंवा फ्लोरिडात किती, नॅशनल पार्कांत किती, पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणार असाल तर गाडी कुठे उभी राहणार. मग मुक्कामांची संख्या मोजून सरासरी काढा.

दर दोन-चार दिवसांनी हलणार असाल तर मोटरहोम घ्या. पावसात पोहोचलात तरी खुर्चीतून न उठता गाडी समतल करता येते, स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारे खोलीचे भाग) बाहेर काढता येतात, चहा ठेवता येतो. रात्री ट्रक स्टॉपवर झोपून पहाटे निघायचे असेल तर यासारखे सुख नाही. फिफ्थ व्हील जोडायला आणि सोडायला आम्हाला अजूनही प्रत्येकी अर्धा तास लागतो. पाऊस असो की चिखल, ते काम बाहेर उभे राहूनच करावे लागते.

दोन आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत एका जागी राहणार असाल तर फिफ्थ व्हील घ्या. छत उंच, बैठकीची खोली खरोखर खोलीसारखी, पायऱ्या चढून वर वेगळी झोपायची खोली. एकाला झोप आली आणि दुसऱ्याला भारतातल्या भावाशी रात्री अकराला बोलायचे असेल, तर मधल्या त्या तीन पायऱ्यांचे मोल कळते.

आमचा आकडा वर्षअखेरीस निघाला १९ दिवस. म्हणजे इंजिन असलेले घर बहुतेक वेळ नुसते उभे होते. उभ्या इंजिनाची बॅटरी उतरते, टायर वापर नसतानाही म्हातारे होतात, आणि विम्याचा हप्ता चुकत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. मोटरहोमचे इंजिन बिघडले की घरच गॅरेजात जाते. आमचे एकदा अकरा दिवस गेले आणि ते सगळे दिवस आम्ही हॉटेलात काढले. फिफ्थ व्हीलवाल्यांचा ट्रक गॅरेजात असला तरी घर जागेवर असते. घराच्या दुरुस्तीसाठी मात्र दोघांनाही बाहेर पडावेच लागते, तिथे फरक नाही.

३. वजनाचे गणित स्वतः करा, विक्रेत्यावर सोडू नका

फिफ्थ व्हीलकडे मन झुकत असेल तर हा भाग दोनदा वाचा. सर्वांत महाग चूक इथे होते.

नियम असा: आधी ट्रेलर निवडा, मग त्याला पेलेल असा ट्रक. आम्ही उलटे केले. छान पाऊण टनी (हे ट्रकच्या वर्गाचे नाव, प्रत्यक्ष पेलायचे वजन नव्हे) डिझेल ट्रक मिळत होता, विक्रेता म्हणाला, "हा काहीही ओढेल." ओढेल हे खरेच होते. पण ओढण्याची ताकद वेगळी आणि पाठीवर पेलण्याची ताकद वेगळी. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रक आधी पाठ मोडून घेतो.

ट्रकच्या ड्रायव्हरचे दार उघडा. चौकटीवर पिवळ्या रंगाचे स्टिकर असते, त्यावर माणसे आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेले असते. हा त्या ट्रकचा पेलोड. माहितीपत्रकातला आकडा विसरा, तुमच्या ट्रकच्या दारावरचा आकडाच खरा. आमच्या दारावर २,२८० पौंड होते. आता वजाबाकी करा:

आम्ही दोघे: ३१० पौंड
हिच: २०० पौंड
अवजारे आणि हौद्यातले किरकोळ सामान: १०० पौंड
उरले: १,६७० पौंड

फिफ्थ व्हीलच्या भरलेल्या वजनापैकी साधारण २० ते २५ टक्के भार किंग पिनमधून, म्हणजे हिचमध्ये बसणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीतून, ट्रकवर येतो. आमच्या पसंतीच्या ट्रेलरचे कमाल वजन १२,५०० पौंड. २२ टक्के धरले तरी २,७५० पौंड. म्हणजे हजाराहून जास्त पौंड अतिरिक्त. तो ट्रक आठ महिन्यांत तोट्यात विकून मागे चार चाकांचा, एक टनी ट्रक घ्यावा लागला.

ट्रेलरच्या बाबतीत सापळा असा की माहितीपत्रकात रिकाम्या गाडीचा पिनभार छापलेला असतो. रिकाम्या गाडीत कोणी राहत नाही. गणित नेहमी कमाल वजनावर करा. भांडी, पुस्तके, वीस पौंडांची तांदळाची पोती, पाणी, दोघांचे हिवाळी कपडे हे सगळे चढल्यावर पूर्णवेळ राहणाऱ्यांची गाडी त्या मर्यादेजवळ जातेच.

मोटरहोमवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथेही दाराजवळ किंवा ड्रायव्हरच्या आसपास सामानाची मर्यादा लिहिलेले स्टिकर असते. मोठ्या स्लाइड-आउटच्या पेट्रोल गाड्यांमध्ये ती कधीकधी धक्कादायक कमी निघते. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांहून जास्त भरते. १०० गॅलनची टाकी भरली की ८३० पौंड तिथेच संपले.

गाडी घेतल्यावर सगळे सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या 'कॅट स्केल'वर न्या. काट्यावर प्रत्येक आसाचे वजन वेगळे मिळते. मी ती पावती विम्याच्या कागदांबरोबर ठेवते.

४. छोट्या गाडीचा विचार आत्ताच करा

मोटरहोम घेऊन किराणा आणायला जाता येत नाही. पटेल ब्रदर्सच्या पार्किंगमध्ये ३४ फुटी गाडी शिरली तर बाहेर कशी काढायची हा प्रश्न पडतो. म्हणून बहुतेक जण मागे छोटी मोटार ओढतात. चारही चाके जमिनीवर ठेवून ओढायला प्रत्येक मोटार चालत नाही. जीप रँग्लर चालते. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंतची चालते, त्यानंतरची नाही. घरातली मोटार चालेल असे गृहीत धरू नका, तिचे मालकपुस्तक उघडून बघा. शिवाय टो बार, जोडणीची पट्टी आणि मागच्या मोटारीचा वेगळा ब्रेक यांचा खर्च येतो. अशी मोटार मागे असताना रिव्हर्स घेता येत नाही. चुकीच्या पेट्रोल पंपावर शिरलात तर तिथेच उतरून मोटार सोडवावी लागते.

फिफ्थ व्हीलवाल्यांकडे ट्रक असतो, पण तो ट्रक म्हणजे रोजची गाडी. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. आठ फुटी हौद्याचा, चार दारांचा फोर्ड एफ-३५० सव्वाबावीस फुटांच्या आसपास जातो. आम्ही तो रस्ता पार्कच्या बसने पाहिला.

पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी दोन इशारे. न्यूयॉर्कचे पार्कवे आणि कनेक्टिकटचा मेरिट पार्कवे मोटरहोम आणि फिफ्थ व्हील दोन्हींसाठी बंद आहेत, पूल फार बुटके आहेत. आणि बाल्टिमोर बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत आरव्हीच्या (मोटरहोम आणि ट्रेलर दोन्हींना मिळून हे नाव) नेहमीच्या आकाराची प्रोपेनची टाकी नेता येत नाही. पूर्वी त्यासाठी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात असू. तो पूल २६ मार्च २०२४ ला कोसळल्यापासून आय-६९५ महामार्गाने पश्चिमेकडून शहराला वळसा घालावा लागतो. साधा फोनवरचा नकाशा हे सांगत नाही. गाडीची उंची, लांबी आणि वजन भरता येईल असे आरव्हीसाठीचे जीपीएस घ्या.

५. स्वयंपाक करून बघा

शोरूममध्ये कोणी फोडणी करून बघत नाही, आणि आपल्या लोकांचा निम्मा दिवस त्याच कोपऱ्यात जातो. मोटरहोममध्ये शेगडीपासून पलंग चार पावलांवर असतो. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास पडद्यांत दोन दिवस राहतो. फिफ्थ व्हीलमध्ये उंच छत आणि मधोमध ओटा मिळतो, छतातला पंखाही मोठा असतो. तरीही मी फोडणी, तळण आणि मासे यांसाठी बाहेर टेबलावर एक बर्नरची प्रोपेन शेगडी मांडते. गाडी बघायला जाल तेव्हा तुमचा पाच लिटरचा कुकर बरोबर न्या. वरच्या मायक्रोवेव्हखाली तो झाकण काढताना अडतो का, सिंकमध्ये कढई आडवी मावते का, हे तिथेच बघा. विक्रेत्यांना नवल वाटते, वाटू द्या.

वीज ३० ॲम्पची की ५० ची, हेही स्वयंपाकाशी जोडलेले आहे. ३० ॲम्पच्या जोडणीतून ३,६०० वॉट मिळतात. ५० ॲम्पच्या जोडणीत दोन वाहिन्या असतात, म्हणून १२,००० वॉट. ३० वर एसी, गीझर आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की ब्रेकर पडतो. पूर्णवेळ राहणार असाल तर ५० चीच गाडी घ्या.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक संडासाची आणि एक धुण्या-आंघोळीची. तेलकट भांडे आधी कागदाने पुसा, चहाचा चोथा आणि भाताची शिते सिंकमध्ये जाऊ देऊ नका, नाहीतर धुण्याची टाकी संडासाच्या टाकीपेक्षा जास्त वास मारते. संडासाच्या टाकीची झडप कॅम्पग्राउंडमध्येही बंदच ठेवा. ती उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी साचून दगड होतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर आधी ती सोडा, मग धुण्याच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

६. आधी भाड्याने राहा

'सी' वर्गाची मोटरहोम 'क्रूझ अमेरिका'सारख्या कंपन्यांकडे सहज मिळते. दोन आठवडे घ्या, एक आठवडा थंडीत काढा. भाड्याच्या ट्रकमध्ये हिच बसवलेली नसल्याने फिफ्थ व्हील ओढण्यासाठी भाड्याने मिळणे अवघड असते. पण काही मालक आपली फिफ्थ व्हील कॅम्पग्राउंडवर आणून उभी करून देतात. तशा एकीत पाऊस पडत असताना चार दिवस राहून बघा. ओढण्याचा सराव नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये होतो. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, मग हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते.

७. परवाना, पत्ता, व्हिसा, विमा

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये २६,००० पौंडांपुढच्या मोटरहोमला बिगरव्यावसायिक 'बी' परवाना लागतो. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांपुढच्या फिफ्थ व्हीलला बिगरव्यावसायिक 'ए' लागतो आणि ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला 'बी'. गाडी ठरवण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाचे पान वाचा.

घर विकल्यावर कायदेशीर पत्ता कुठला, हा पुढचा प्रश्न. फिरस्ते बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन गावी 'एस्केपीज' या फिरस्त्यांच्या संस्थेचे मोठे टपाल केंद्र आहे, आमचे टपाल तिथे येते.

यापुढचे फक्त आपल्यासारख्यांसाठी. एच-१बी वर असाल तर पूर्णवेळ भटकंती सध्या बाजूला ठेवा. तुमचे कामाचे ठिकाण अर्जात नोंदलेले असते आणि त्या परिसराबाहेर कायम काम करायचे तर मालकाला सुधारित अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्डवर असाल तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा अर्ज भरा आणि कार्ड नेहमी जवळ ठेवा. दक्षिण टेक्सास आणि ॲरिझोनात महामार्गांवर सीमा गस्तीची ठाणी असतात. नागरिकत्वाचा अर्ज तोंडावर असेल तर राज्य बदलण्याआधी वकिलाला विचारा.

आरोग्यविमा लोक शेवटी बघतात, तो आधी बघा. राज्याच्या नेटवर्कला बांधलेला विमा दुसऱ्या राज्यात तातडीच्या उपचारांपुरताच उपयोगी पडतो. ६५ पूर्ण झाली असतील तर मूळ मेडिकेअर देशभर चालते. मेडिकेअर ॲडव्हांटेज मात्र बहुधा नेटवर्कपुरते असते. गाडीच्या विम्यात 'फुल-टाइमर' (गाडीतच कायम राहणाऱ्यांसाठीचे) कलम आहे का ते लेखी घ्या. काही बँका कायमचे घर नसलेल्याला आरव्हीचे कर्ज देत नाहीत, म्हणून कर्ज काढायचेच असेल तर घर विकण्याआधी चौकशी करा.

एका जलरोधक पेटीत एवढे ठेवा: टायटल आणि नोंदणी (ट्रकची वेगळी, ट्रेलरची वेगळी), विम्याची पत्रे, परवाने, पासपोर्ट, ओसीआय, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, मेडिकेअर कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, वैद्यकीय मुखत्यारपत्र, वजनकाट्याची पावती, आणि प्रत्येक उपकरणाचा मॉडेल व सिरियल क्रमांक लिहिलेला एक कागद. तो शेवटचा कागद दुरुस्तीच्या वेळी तासभर वाचवतो.

८. घेण्याआधी तपासा

नवी गाडीही तपासून घ्या. पैसे देण्याआधी स्वतंत्र, प्रमाणित आरव्ही निरीक्षक बोलवा. अशा निरीक्षकांची 'एनआरव्हीआयए' ही राष्ट्रीय संघटना आहे. विक्रेता निरीक्षकाला नकार देत असेल तर तिथून निघा.

स्वतः बघायच्या गोष्टी: छताचे सगळे सांधे, कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत पाण्याचे डाग, बाहेरच्या भिंतीवर फुगवटे, स्लाइड-आउटच्या खालची जमीन मऊ लागते का. टायरच्या कडेला डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही ताजी दिसली तरी बदलायचे.

जुनी गाडी स्वस्त मिळाली तरी लक्षात ठेवा, काही खासगी आरव्ही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. सरकारी जमिनींवर ही अट नसते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या दीर्घ मुक्कामाच्या सरकारी मैदानात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंतचा परवाना मिळतो. तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही. सौर पट्ट्या आणि लिथियम बॅटऱ्या असतील तरच जा.

९. अवजारे

विजेच्या खांबावर लावायचा सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज कमी झाले तरी वीज तोडणारा), पाण्याचा दाब कमी करणारा नळ, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी, सांडपाण्याची नळी आणि जाड हातमोजे, गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना लावायच्या ओट्या, टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा, टॉर्क रेंच. पहिल्या दिवशी बाकी काही घेऊ नका.

१०. पहिले तीन मुक्काम

घेतलेली गाडी लगेच लांब नेऊ नका. विक्रेत्यापासून तीस मैलांच्या आत कॅम्पग्राउंड धरा आणि तीन रात्री राहा. भट्टी (घर गरम करणारी), एसी, गीझर, फ्रिज (वीज आणि प्रोपेन दोन्हीवर), प्रत्येक नळ, प्रत्येक दिवा, प्रत्येक स्लाइड-आउट चालवून बघा. बिघाडांची यादी करून चौथ्या दिवशी गाडी परत न्या. आमच्या यादीत सतरा गोष्टी होत्या.

फिफ्थ व्हील जोडताना क्रम कधी बदलू नका. आधी ओट्या, मग हिच, मग हिचचा जबडा किंग पिनभोवती बंद झाल्याचे टॉर्च लावून डोळ्यांनी बघा. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) आणि दिव्यांची वायर जोडा. पुढचे पाय जमिनीपासून थोडेच उचला आणि ओट्या तशाच ठेवून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. पकड सुटलीच तर घर दोन इंच खाली येईल, ट्रकच्या हौद्यावर आदळणार नाही. हे सगळे चालू असताना कोणी गप्पा मारायला आले तर त्यांना नम्रपणे थांबवा. आमच्या कॅम्पग्राउंडमध्ये तीन वर्षांत दोन घरे हौद्यावर आदळताना पाहिली, दोन्ही वेळा शेजारी बोलत उभे होते.

मग निघा. नव्या चाकांचे नट सुरुवातीला सैल होतात, म्हणून दहाव्या, पंचविसाव्या आणि पन्नासाव्या मैलावर थांबून टॉर्क रेंचने ते पुन्हा आवळून घ्या.